वच्छलाबाईंचं कच्चं

उन्हाळ्यात अकरा वाजले की आमच्या गल्लीतली माणसं दिसेनाशी होतात. क्रांती चौकातला हॉर्नचा गलका उस्मानपुऱ्यातल्या या आतल्या बोळात पोचेपर्यंत पातळ होतो आणि उरलेला घरोघरचे कूलर गिळून टाकतात. मग एकच आवाज ऐकू येतो, समोरच्या घरातल्या विळीचा. खस्, खस्, खस्. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून, डोळे मिटून तो ऐकत बसतो. ती झोप नसते आणि जागही नसते. अडतीस वर्षं कोर्टात स्टेनो म्हणून दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं, पण असं नुसतं ऐकत बसायला कधी मिळालं नव्हतं. हे सुख मला वच्छलाबाईंनी दिलं.

मंजुषा, म्हणजे आमचं कुटुंब, हे वाचेल तर फुरंगटेल. फुरंगटू दे. दर उन्हाळ्यात ती मुलीकडे पुण्याला जाते आणि जाताना 'बरणीत लोणचं आहे' एवढंच सांगून जाते. शिवाय माझ्या जिभेबद्दल तिचं मत लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ठरलेलं आहे: गाढवाला गुळाची चव काय. समोरच्या घरातून रोज निघणारे चाळीस डबे याच गाढवाच्या जिभेवर अवलंबून असतात, हे मी तिला अजून नीट सांगितलेलं नाही.

वच्छलाबाई मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. जन्मसाल विचारलं तर म्हणतात, "बहात्तरच्या दुष्काळात मी रांगत व्हते." त्यावरून काय ते समजायचं. लहानपण आणि अर्धं तारुण्य कळपामागे चालण्यात गेलं. त्यांचे मालक सोनाजी वारले तेव्हा मेंढरं भावकीत वाटून दिली आणि बिडकीनचं घर सोडून त्या मुलाकडे शहरात आल्या. मुलगा अंगद कंपनीत पाळ्या करतो. सून दिपाली वेरूळची, चटपटीत पोरगी, ऑफिसात जाणाऱ्या बायकांचे दुपारचे डबे करते. माणसं एवढीच. आणि दारात पत्र्याच्या डब्यात लावलेला पुदिना.

दोन वर्षांपूर्वी एका तापात वच्छलाबाईंची चव गेली. ताप आठ दिवसांत उतरला, चव काही परत आली नाही. मीठ, साखर, कारलं, चिंच, सगळं ओळीनं जिभेवर ठेवून पाहिलं. कशाचं काही लागेना. वासही गेला. मिरची तेवढी झोंबायची, पण झोंबणं म्हणजे चव नव्हे. डॉक्टर म्हणाले, आली तर एके दिवशी अवचित येईल, आणि आधी कुठली येईल तेही सांगता येत नाही. त्यानंतरही काही दिवस त्या घरातली चूल त्यांचीच होती. मग एकदा आमटीत दोनदा मीठ पडलं, एकदा अजिबात पडलं नाही, आणि घरात कुणी चकार शब्द काढला नाही. ते न बोलणंच त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी आपणहून दिपालीच्या हातात झारा दिला आणि स्वतः विळी घेऊन दाराशी बसल्या.

कोशिंबीर चिरता चिरता त्यांच्या ध्यानात आलं की कच्च्या वस्तूंपाशी चवीखेरीज पुष्कळ काही असतं. काकडी दाताखाली बोलते. टरबूज घशाखाली उतरेपर्यंत गार राहतं. पालकाचं कोवळं पान आणि जून पान बोटांना वेगळं कळतं. एवढ्या भांडवलावर त्यांनी आपला कारभार उभा केला. दिपाली त्याला सॅलड म्हणते, डबे घेणाऱ्या बायका समर सॅलड म्हणतात. वच्छलाबाई म्हणतात, कच्चं. "आजचं कच्चं झालं." "कच्चं झाकून ठेव गं, माशा बसतेत."

आधी मला याचं हसू यायचं. सॅलड म्हणजे लग्नात ताटाच्या कडेला काकडी-टोमॅटोच्या चकत्या मांडतात आणि जेवून उठल्यावरही त्या तिथंच असतात, एवढीच माझी ओळख. पण वच्छलाबाईंची रीत न्यारी. दोन कुरकुरीत, एक रसाचं, एक पाल्याचं, आणि एक उगाच. हे 'उगाच' मला समजायला महिना लागला. ते कधी खरबुजाचं भाजलेलं बी असायचं, कधी मूठभर फुटाणे, कधी चिंचेच्या झाडाची कोवळी लालसर पालवी.

"पण उगाच कशाला घालायचं?" मी एकदा विचारलं.

"त्याच्याबिगर मानूस नुसतं खातंय, भाऊ. उगाच घातलं की थांबून बघतंय."

मी थांबून पाहिलं. खरंच होतं.

शहागंजात फळं आणायला त्या गेल्या की मी पिशवी धरायला सोबत जातो. युनूसभाई गाड्यावरून हाक मारतो, "खाला, ये लेव, शक्कर सरीका है!" साखरेचं त्यांना काय कौतुक. त्या खरबूज उचलतात, कानाशी धरतात, बोटानं टिचकी मारतात आणि त्यालाच म्हणतात, "बोल की रं." ते बोललं तर पिशवीत, नाही तर परत गाड्यावर. युनूसभाई गिऱ्हाइकांना सांगतो, "ये खाला फलों से बातां करतीं." नळाला पाणी येतं त्या दिवशी मग पातेल्यात पाला तीनदा धुतला जातो. ते पाणी पुदिन्याला जातं, आणि सगळ्या बोळात हिरवा वास सुटतो. तो वास त्यांना सोडून सगळ्यांना येतो. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

पहिल्या दिवशी माझ्याकडे वाटी आली ती शेजारधर्म म्हणून. टरबूज, घोळीची पानं, कांद्याची पात, वरून लिंबू आणि भाजलेलं जिरं. वच्छलाबाई समोर उभ्याच राहिल्या.

"कसं लागलं?"

"छान."

त्या पायरीवर बसल्या. "छान काय असतं, भाऊ? छान तर लुगडं बी असतं."

आयुष्यात माझ्याशी इतकं बिनतोड कुणी वकीलही बोलला नव्हता. मग त्यांनी आपल्या चवीची सगळी हकिगत सांगितली, न रडता, न लाजता. "तुमी कोर्टातले. मानूस बोललं तसं उतरायचं, आपलं घालायचं नाय, हेच काम केलं ना तुमी? तसं सांगा. अंगद आन् दिपाली मला बरं वाटावं म्हनून गोडच सांगतेत."

मी दुसरा घास घेतला आणि डोळे मिटले. "गोड आहे," मी म्हणालो, "पण गोड पुढे पळतंय आणि आंबट मागून येतंय. शाळा सुटल्यावर धाकटं भावंड मागून पळत येतं तसं."

"मागं किती पडलंय?"

"पुष्कळ. दिसत नाही एवढं."

"मंग घोळ कमी झाली," त्या म्हणाल्या आणि वाटी घेऊन आत गेल्या. दहा मिनिटांनी परत आल्या. या खेपेला धाकट्यानं थोरल्याचा हात धरला होता.

तेव्हापासून रोज अकराला पहिली वाटी माझ्याकडे, आणि माझी साक्ष झाल्यावर डबे भरायला सुरुवात. कैरी आणि गूळ आणि कोवळा चुका. मोसंबीच्या सोललेल्या फोडी, त्यात पालक आणि शेंगदाण्याचं जाडसर कूट. खरबूज, पुदिना आणि मिरपूड. हे शेवटचं खाऊन मी म्हणालो होतो की दुपारच्या झोपेतून उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ हे क्षणभर कळत नाही, तसं लागतंय.  वच्छलाबाई म्हणाल्या, "याला हात लावायचा नाय. असंच राहू द्या."

मी सांगायला लागलो की त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि ऐकता ऐकता कुठेतरी निघून जायच्या. जायकवाडीचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकतं, उघड्या पडलेल्या गाळात लोक टरबुजाचे वेल लावतात. त्या काठानं त्यांचा कळप हिंडायचा. दुपारी मेंढरं बाभळीखाली एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहायची आणि लहानगी वच्छला बांधावरची घोळ तोडून तशीच खायची, माती झटकून. "एक डाव कोल्ह्यानं अर्धं खाल्लेलं टरबूज सापडलं," त्या सांगायच्या. "उरलेलं म्या खाल्लं. आईनं लई हानलं. पर भाऊ, कोल्ह्याला पारख असती. त्येनं गोडच फोडलं व्हतं." मग डोळे उघडून विचारायच्या, "आजचं टरबूज तेवढं गोड हाय का?" मी खरं सांगायचो: नाही. कोल्ह्याच्या टरबुजाची बरोबरी करणारं टरबूज युनूसभाईच्या गाड्यावर अजून आलेलं नाही. त्यांना याचं समाधान वाटायचं.

खरं सांगायचं म्हणजे खरंच सांगायचं. पपई आणि मेथी एकत्र केली तेव्हा मी तोंडावर सांगितलं की ओला पुठ्ठा खाल्ल्यासारखं लागतंय. त्यांनी अख्खी परात गल्लीतल्या शेळीपुढे ओतली आणि चाळीस डब्यांचं कच्चं पुन्हा चिरलं. त्या दिवशी डबे उशिरा गेले, दिपाली माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, पण वच्छलाबाई संध्याकाळी खास येऊन म्हणाल्या, "तुमच्यावर भरोसा हाय माझा." माझी छाती फुगली. एवढा मान मला न्यायमूर्तींनीही दिला नव्हता.

या उन्हाळ्यात गोष्ट जरा वेगळी झाली. दिपालीला दिवस गेले होते. बाळंतपण आखाडात, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराला उष्टावण. त्यांच्या घरात बाळाचा पहिला घास आजीच्या हातचा असतो. तो आजीनं आधी आपल्या जिभेला लावायचा, खारट नाही ना, कडवट नाही ना, हे पाहायचं आणि मगच लेकराच्या तोंडात द्यायचा. सोनाजीच्या आईनं अंगदला दिला, वच्छलाबाईंना त्यांच्या आजीनं दिला.

"म्या काय लावून बघू, भाऊ?" एका दुपारी त्या म्हणाल्या. "लाकडाला लावल्यासारखं. न चाखता कसा देऊ लेकराला?"

"मी चाखेन की," मी म्हणालो.

"तुमी आजी हाय का?"

वेरूळच्या मंडळींना चवीची ही गोष्ट ठाऊक नव्हती. विहीणबाई, म्हणजे दिपालीची आई रूपाबाई, यांना कळलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, पहिला घास आमच्याकडे होऊ द्या. त्यांचं काही चुकलंही नसतं. म्हणून वच्छलाबाईंनी तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि रोज नवं कच्चं करून मला विचारत होत्या, आणि मी सांगितलेली चव रात्रंदिवस मनात घोळवत होत्या. संक्रांतीपर्यंत जीभ जागी व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं. मला वाटतं, चाळीस डब्यांचं निमित्त होतं. ती सगळी हिरवी-लाल परात त्या आपल्याच जिभेपुढे रोज मांडत होत्या, रुसलेल्या माणसापुढे ताट ठेवावं तशी.

मे महिन्यात दिपालीचं डोहाळजेवण ठरलं. पुरी, श्रीखंड, मसालेभात करायला आचारी सांगितला. कच्चं मात्र वच्छलाबाईंचं. आदल्या दिवशी अंगदनं बिडकीनहून गावरान काकड्यांचं पोतं आणलं. उन्हाळी काकडी दगाबाज, कधी कडू निघेल सांगता येत नाही. आपल्याकडे डोकं कापून घासतात, फेस काढतात आणि एक चकती तोंडात टाकून बघतात. वच्छलाबाईंनी पहाटेपासून एकेक काकडी घासली, फेस काढला. चकती मात्र टाकली नाही, कारण स्वयंपाकघरात शेजारीच रूपाबाई बसल्या होत्या. त्या आदल्या रात्रीच वेरूळहून आल्या होत्या आणि हौसेनं पुदिना निवडत होत्या. खाऊन 'चांगली हाय' असं खोटं म्हणणं वच्छलाबाईंना जमलं नसतं. आणि मला बोलवावं, तर 'शेजारच्या बाप्याला काकड्या कशाला चाखायला लावता' हे कोण सांगणार?

अकराला नेहमीसारखी वाटी आली. काकडी, खरबूज, केशर आंब्याच्या फोडी, पुदिना आणि उगाच म्हणून चिंचेची पालवी. वाटीमागून रूपाबाईही आल्या, पदर सावरत, हसत. "रोज यास्नी दाखवूनच पुढं जातंय व्हय?"

"भाऊंची जीभ चांगली हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघून, "सांगा."

मी चमचा तोंडात घातला. आधी आंबा आला, मग खरबुजाचा गारवा. मग काकडी दाताखाली फुटली आणि कडू थेट कानापर्यंत गेलं. कारल्याचं शहाणं कडू नव्हे, रानटी कडू. डोळ्यांत पाणी आलं.

मी सात वर्षांचा असताना भाजी कडू आहे म्हणालो होतो. वडिलांनी ताटावरच थोबाडीत दिली. अन्नाला नाव ठेवायचं नाही, आणि पाहुण्यांदेखत तर मुळीच नाही. ती थोबाडीत साठ वर्षांनी पुन्हा गालावर आली. समोर रूपाबाई उभ्या होत्या. मी 'कडू' म्हणालो असतो तर त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: अहो ताई, तुम्ही चाखलं नाही का? म्हणजे चवीची गोष्ट उघडी, आणि पहिला घास वेरूळला.

"गार आहे," मी म्हणालो. "गोड आहे. पहाटे विहिरीवर तोंड धुतल्यासारखं वाटतंय."

वच्छलाबाईंचा चेहरा असा उजळला की मला जागच्या जागी मरावंसं वाटलं. त्या विहिरीची पायरीन् पायरी मनात उतरवत आत गेल्या. मी गूळ शोधून तोंडात टाकला आणि स्वतःला समजावलं: पोत्यात एखादीच कडू असते, ती नेमकी माझ्या वाटीत आली असेल. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते माझ्यासाठीच असावं. पाऊण तासानं राहवेना म्हणून दिपालीच्या कानात सांगायला गेलो. ती हिरव्या साडीत, मोगऱ्याच्या वाडीत, पाटावर बसलेली आणि भोवती वीस बायका. पानं मांडून झाली होती. अंगदनं माझा हात धरून मलाही पुरुषांच्या पंगतीत बसवलं.

पुढची वीस मिनिटं मी जेवलो नाही, नुसता बघत होतो. बायका-पुरुष, दोन्ही पंगती कच्च्यापाशी आल्या की एक गोष्ट घडायची. हात तोंडाशी जायचा, जबडा एकदा हलायचा आणि थांबायचा. डोळे क्षणभर शेजाऱ्याच्या पानाकडे. शेजारी खातोय हे बघितलं की घास गिळला जायचा. दिपालीचे काका तर मान खाली घालून, औषध घ्यावं तसे, एका दमात सगळं संपवून मोकळे झाले. मुलीच्या सासरी अन्नाला नाव ठेवायचं म्हणजे नंतर बोल मुलीनं ऐकायचे, हे वेरूळच्या लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. शेजारपाजारचे गप्प होते कारण पाहुणे गप्प होते. दिपालीनं पहिल्या घासानंतर माझ्याकडे असं पाहिलं की मी पापड मोडायला लागलो. तिनं उरलेलं पुरीखाली दडवलं.

आणि वच्छलाबाई स्वतः वाढत होत्या. रूपाबाईंच्या पानातलं कच्चं संपलेलं बघून त्यांना भरून आलं. "घ्या की अजून, ताई. आवडलं वाटतं."

रूपाबाईंनी पान पुढे केलं. "वाढा," त्या म्हणाल्या. त्या बाईच्या धीराला माझा नमस्कार आहे.

तीनच्या सुमाराला सगळी पांगापांग झाली. कूलरपुढे पोरं आडवी झाली, मोगऱ्याचा वास उन्हात जड होऊन खोलीभर बसला. घरचीच चार माणसं जागी होती, तीही पेंगुळलेली. वच्छलाबाई सगळ्यांत शेवटी जेवायला बसल्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, आणि रूपाबाई हट्टानं वाढायला. मी जायला उठलो होतो. बसा म्हणाल्या म्हणून बसलो. कच्चं परातीत निम्मं उरलं होतं.

त्यांची खायची पद्धत अशी की आधी दाताखालचा आवाज ऐकून घ्यायचा. त्यांनी काकडीची फोड तोंडात टाकली, कुर्रकन चावली, दुसऱ्यांदा चावली. मग थांबल्या.

"भाऊ."

"काय झालं?"

"काय तरी हाय." त्यांनी गळ्याजवळ, जबड्याखाली बोट ठेवलं. "हितं. मागं. काय तरी आलंय."

रूपाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. अंगद दाराशी आला. वच्छलाबाईंनी आणखी एक फोड घेतली, हळू चावली, आणि त्यांचे डोळे इतके मोठे झाले की मी घाबरलो.

"सांगा की, भाऊ. काय लागू राह्यलं हे?"

आता थोबाडीत आठवली नाही, रूपाबाई दिसल्या नाहीत. "कडू," मी म्हणालो. "कडू आहे, वच्छलाबाई. काकडी कडू आहे. सकाळीच होती. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"कडू," त्या म्हणाल्या.

"व्हय ओ ताई," रूपाबाईंच्या तोंडून एकदम निसटलं. "लई कडू हाय. म्या दोनदा खाल्लं."

दिपालीला हसू आवरेना. ती पोट धरून हसायला लागली आणि मोगऱ्याच्या कळ्या तिच्या मांडीवर गळल्या. मग रूपाबाईंना काहीतरी उमगलं. त्यांनी विचारलं, "पर तुमाला आत्ता कळलं?"

"दोन वर्सं मला काय बी लागत नव्हतं, ताई," वच्छलाबाई म्हणाल्या. सरळ, जसं मला पहिल्या दिवशी पायरीवर सांगितलं होतं तसं. "ना गोड, ना खारट. तुमच्यापासून लपवलं."

 रूपाबाईंनी परातीकडे पाहिलं, वच्छलाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि परात सरकवून त्यांच्या गुडघ्याशी आणून ठेवली.

मग आमचं सगळ्यांचं एकदम सुरू झालं. अंगद म्हणत होता, आई, थुंकून टाक ते. दिपाली पाणी घेऊन धावली. मी हात जोडून माफी मागत होतो, आणि मागता मागता मला वाटत होतं की आता उद्यापासून अकराला माझी गरज उरणार नाही. मला इतका आनंद झाला होता की रडू येत होतं, आणि थोडं रडू स्वतःसाठीही होतं. हे मी कबूल करतो.

वच्छलाबाईंनी हात वर केला. गालावरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"गप बसा रं समदे," त्या म्हणाल्या. "मला कडू लागू राह्यलंय."

आणि त्यांनी परातीतून आणखी एक फोड उचलली.